राष्ट्रपति-भवनांतील दोन मंडप

नाडगांव हें आपल्या जळगांव जिल्ह्यांतील एक लहानसें गांव. तेथें जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील 25 जुलै 2007 रोजीं राष्ट्रपति झाल्या, तेव्हां धुळ्याच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, ताईंचें हें नवें घर आहे तरी कसें?" घर 340 खोल्यांचें! आज त्यांपैकीं दोनच दालनांविषयीं बोलणार आहें.

पहिला दरबार हॉल. सर एडविन लट्येन्स यांनीं हा प्रासाद इंग्रज व्हाइसरॉयसाठीं रचिला. 1931 सालीं नव्या राजधानीचें उद्घाटन झालें. मोठ्या घुमटाच्या बरोबर खालीं हें वर्तुळाकार दालन आहे. भोंवतीं जैसलमेरच्या पिवळ्या संगमरवराचे खांब, मध्यें 33 मीटर उंचीवरून सोडलेलें झुंबर. व्हाइसरॉय व त्यांच्या पत्नी यांचीं दोन सिंहासनें येथें मांडलेलीं असत. आंत येणाऱ्यास आपण लहान आहों असें वाटावें, हाच त्या उंचीचा हेतु असावा, असें माझें मत आहे. पण काळाची थट्टा पहा! 15 ऑगस्ट 1947 रोजीं याच घुमटाखालीं पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळानें शपथ घेतली. आणि 26 जानेवारी 1950 रोजीं सकाळीं 10 वाजून 18 मिनिटांनीं राजाजींनीं येथेंच भारत प्रजासत्ताक झाल्याचें घोषित केलें. लगेच राजेंद्रप्रसादांनीं शपथ घेतली. आज तेथें राष्ट्रपतींचें एकच आसन असून त्यामागें गुप्तकालीन बुद्धमूर्ति आहे.

दुसरा अशोक हॉल, मूळचें नृत्यगृह. लांकडी जमिनीखालीं स्प्रिंगा बसविलेल्या. छताच्या मध्यभागीं इराणचा शहा फत्तेअली शिकार करतांना दाखविला आहे. भोंवतालचें चित्रकाम विलिंग्डनच्या अमदानींत कोलोनेलो या इटालियन चित्रकारानें हिंदी कारागिरांच्या हातून करविलें. त्याच जमिनीवर पुढें परदेशचे राजदूत आपलीं अधिकारपत्रें सादर करूं लागले.

25 जुलै 2024 रोजीं या दालनांस 'गणतंत्र मंडप' व 'अशोक मंडप' हीं नांवें मिळालीं. पहिलें मला मनापासून पटलें. जेथें प्रजासत्ताक जन्मास आलें तेथें दरबार कोणाचा? मंडप म्हटला कीं आपणांस आधीं लग्न आठवतें, हें खरें. परंतु साक्री तालुक्यांतील बळसाण्याच्या जुन्या देवळांचे दगडी मंडप ज्यांनीं पाहिले, त्यांस हा शब्द परका वाटणार नाहीं.

त्या विद्यार्थ्यास मीं तेव्हां म्हटलें होतें, "बाबा, घर ताईंचें नव्हे, पांच वर्षांनीं त्या तेथून निघतील." 2012 च्या जुलैंत त्या निघाल्या.