रोगाचे भय आणि राज्याचे भय

सन 1896 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका विचित्र ज्वराने माणसे दगावू लागली. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी काखेतील व जांघेतील गाठींवरून हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान केले. रोग ओळखला गेला. परंतु ज्यांना त्यापासून वाचवावयाचे होते, त्या माणसांचे मन ओळखण्यास राज्यकर्त्यांना पुढे दोन वर्षे लागली.

रोग्याला घरातून उचलून इस्पितळात न्यावे, घरच्या मंडळींना वेगळ्या छावणीत ठेवावे आणि घर धुऊन काढावे, अशी योजना ठरली. कागदावर ती निर्दोष दिसत होती. पण इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, आणि त्याचे कारण लोकांना कोणी समजावून सांगत नसे. मग कारण लोकांनीच शोधले. तेथे माणसांना मारून त्यांच्या अंगातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, अशी वदंता पसरली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला. तो केवळ अज्ञानाचा उद्रेक नव्हता. ज्याच्याविषयी विश्वास नाही, त्याच्या हातचे औषधही विषासारखे वाटते, हाच त्याचा अर्थ होता.

फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडती सुरू केली. लोकांच्या रूढींचा मान राखावा, अशा सूचना सैनिकांना होत्या. पण शिपायाच्या बुटाचा आवाज देवघरापर्यंत पोहोचला की सूचनांचे शब्द कोणाला ऐकू येणार? स्त्रियांची तपासणी उघड्यावर होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. लोक रोगी लपवू लागले, प्रेते गुपचूप पुरू लागले. रोग आवरण्यासाठी काढलेल्या हुकुमांनीच रोगाला दडण्याच्या जागा करून दिल्या. रोगापेक्षा इलाज भयंकर, ही म्हण पुणेकरांना त्या काळी निराळी समजावून सांगावी लागली नाही. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्या जखमेने ते 3 जुलै रोजी मरण पावले.

याच पुण्यात दुसरेही चित्र दिसत होते. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह शहराबाहेर रोग्यांची शुश्रूषा चालविली आणि त्या सेवेतच 10 मार्च 1897 रोजी त्यांचे प्लेगने देहावसान झाले. लोकमान्य टिळकांनी सरकारी जुलमावर कडाडून टीका केली. पण इस्पितळ नको, असे मात्र सांगितले नाही. हिंदूंसाठी वेगळे इस्पितळ उभारण्याच्या कामी त्यांनी स्वतः पुढाकार घेतला. इस्पितळ तेच, खाट तीच. पण बोलावणारा आपला असला की उंबरठा ओलांडताना पाय अडखळत नाही.

लसीचाही अनुभव असाच. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये मुंबईत आपली लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष ती टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या समाजाची भीती ओसरली. 1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावी घरोघरच्या सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली आणि तिचा गुण दिसून आला. मात्र 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतील लसीने 19 माणसे धनुर्वाताने दगावली, आणि कष्टाने मिळविलेला विश्वास पुन्हा डळमळला. हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होण्यास 1907 साल उजाडावे लागले.

विश्वास मात्र एकाच बाजूने ठेवावयाचा नसतो. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहावयाचे, हा मार्ग खेडोपाडीच्या लोकांनी अनुभवाने धरला होता. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सीमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखविले, तेव्हा या रीतीतील शहाणपण शास्त्रालाही पटण्याजोगे झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत प्लेगच्या झडतीवरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारनेही सक्तीचा हात हळूहळू सैल केला आणि लोकांच्या संमतीने चालण्याचे धोरण धरले.

सन 2020 मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा 1897 चा तोच कायदा पुन्हा हाती घेण्यात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरांवर व परिचारिकांवर होणारे हल्ले रोखण्यासाठी त्यात दुरुस्तीही करावी लागली. राज्य परक्याचे उरले नव्हते, शास्त्र कितीतरी पुढे गेले होते. तरी भयाने काही ठिकाणी आपल्याच शुश्रूषकांवर हात उगारला. संशयाला औषध नाही, असे म्हणतात. प्लेगच्या इतिहासाला विचारले तर तो सांगेल की, औषध आहे; पण ते साथ आल्यावर घाईने तयार होत नाही. ते आधीच्या निरोगी दिवसांत, खऱ्या बोलण्याने आणि माणुसकीच्या वागणुकीने थेंबथेंब साठवावे लागते.