शून्याहून बुटका माणूस

‘रँग्लर’ म्हटलं की आपल्याला परांजपेच आठवतात. १८९९ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून ते सीनियर रँग्लर झाले. त्याच कॉलेजच्या डोनाल्ड मॅकॲलिस्टरने हा मान १८७७ साली मिळवला होता. आजची गोष्ट त्याची.

सरासरीच्या दोन्ही बाजूंना फरक सारखेच पसरतात, घंटेच्या आकारात, असं तेव्हा मानत. १८७९ साली फ्रान्सिस गाल्टनने शंका काढली. सरासरीच्या दुपटीहून उंच माणूस असू शकतो असं मानलं, तर या नियमाने शून्याहून बुटका माणूसही असायला हवा! शिवाय आपल्याला फरक जाणवतो तो पटींत. दुप्पट आणि निम्मं, दोन्ही चुका सारख्याच.

याचं गणित मॅकॲलिस्टरने मांडलं. युक्ती अशी की मापाऐवजी त्याचा लॉग घ्यायचा (आपली शाळेतली लॉगची कोष्टकं आठवा). घंटा लॉगच्या पट्टीवर ठेवायची आणि मग मूळ मापांकडे परतायचं.

परतताना गंमत होते. समजा लॉग २ ते ३ मध्ये ४० माणसं आहेत आणि ३ ते ४ मध्येही ४०. मूळ पट्टीवर पहिली ४० बसतात १०० ते १००० मध्ये, म्हणजे ९०० च्या जागेत. दुसरी ४० पसरतात १००० ते १०,००० मध्ये, म्हणजे ९००० च्या जागेत. माणसं तेवढीच, जागा दहापट, म्हणून दाटी एक दशांश. घंटेला उजवीकडे लांब शेपूट फुटतं.

हे वाचलं आणि मला आमच्या शाळेची वर्गणी आठवली. खोल्या बांधायच्या होत्या. मी मोठ्या हौसेने फळ्यावर ‘सरासरी वर्गणी’ लिहिली. समजा तिघांनी १००, १००० आणि १०,००० रुपये दिले, तर सरासरी येते ३७००. तिघांतले दोघं तिच्याखाली! तिन्ही आकडे गुणून घनमूळ काढलं तर येतात १०००, मधल्या माणसाचेच. गाल्टनने सुचवलेली सरासरी ती हीच.

त्या दिवशी शंभराची नोट देणारे एक पालक फळा वाचून मान खाली घालून गेले. माझी बेरीज चुकली नव्हती, भागाकारही नाही. चुकली होती ती पट्टी.

असो. आता कुठे ‘सरासरी’ वाचलं की मी आधी विचारतो, कुठल्या पट्टीवरची?