नारा येथील महाबुद्ध : प्राचीनत्वाचा प्रश्न

इ. स. ७१० मध्ये जपानची राजधानी झालेल्या नारा नगरीचे दर्शन घडविणारे मार्गदर्शक प्रवाशांस तोदाइजी विहारात नेतात. सम्राट शोमूच्या संकल्पातून निर्माण झालेल्या तेथील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन इ. स. ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूने केले, हे ऐकून भारतीय अभ्यासक सुखावतो. परंतु समोर दिसणारी मूर्ती तीच काय? इ. स. ११८० व १५६७ मधील युद्धांत मंदिर भस्मसात झाले. आजचे मंदिर इ. स. १७०९ मधील असून मूळच्या अकरा गाळ्यांऐवजी त्यास सातच गाळे आहेत. मूर्तीचे मस्तकही सतराव्या शतकातील. म्हणजे बोधिसेनाने उघडलेले नेत्र आज उरलेले नाहीत. आठव्या शतकातील अंश पाहावयाचा तर दृष्टी खाली वळवावी लागते. आसनाच्या काही कमलदलांवर त्या काळचे रेखांकन टिकून आहे.

तथापि ज्या कुंचल्याने ते नेत्र रेखिले, तो शोसोइन भांडारात सुरक्षित आहे. इ. स. ११८५ मध्ये दुरुस्त मूर्तीच्या नेत्रोन्मीलनासाठी निवृत्त सम्राट गो-शिराकावाने तोच कुंचला हाती घेतला. मूर्ती पालटली, हे त्या पिढीस ठाऊक होते. परंपरा अखंड राखावी, हा तिचा आग्रह होता. शब्दाचे रूप पालटूनही त्याचा वंश चालू राहतो, तसेच हे होय. इतिहासकाराने मात्र वस्तूचे वय आणि परंपरेचे वय निरनिराळे मोजावे.