रजौरीचा मार्ग आणि मेजर रामा राघोबा राणे

वऱ्हाडांतील कारंजा ह्या गांवाचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत ठळकपणें येतें तें १६७० सालच्या स्वारीमुळें. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर थोड्याच दिवसांनीं शिवाजी महाराजांची फौज येथें आली, आणि येथील धनिकांची संपत्ति बैल व गाढवें यांच्या पाठीवर लादून परत गेली. ह्या स्वारीचें वर्णन करतांना आमचे लेखक घोडदळाचा वेग सांगतात. परंतु ओझ्यानें वांकलेला तो तांडा नदीनाले व घाट ओलांडून सुखरूप नेला कोणीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. लढणारा तेवढा वीर आणि वाट करून देणारा तो बिगारी, अशी समजूत आमच्या इतिहासलेखनांत फार खोल रुजलेली आहे. ती किती अपुरी आहे हें दाखविणारें एक अर्वाचीन चरित्र आम्ही येथें देत आहों.

आमच्या प्राचीन ग्रंथकारांची दृष्टि याहून व्यापक होती. भरत सैन्यासह रामाच्या शोधार्थ निघाला, तेव्हां त्याच्या पुढें भूमीची परीक्षा जाणणारे, सूत्र धरणारे, खणणारे, झाडें तोडणारे व पूल बांधणारे लोक गेले, असें अयोध्याकांडांत सविस्तर सांगितलें आहे. कौटिल्यानेंही दहाव्या अधिकरणांत शिबिर, मार्ग, सेतु, कूप व तीर्थ यांचें शोधन हें सैन्याचें अंगभूत कर्म म्हणून गणलें आहे. मात्र कौटिल्य तें काम विष्टीकडे, म्हणजे वेठीच्या लोकांकडे, सोंपवितो; आणि बहुधा तेथूनच ह्या कर्माची प्रतिष्ठा उणावली असावी असें आम्हांस वाटतें.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजीं झाला. मूळ गांव कारवारजवळील चेंडिया. तो मुलूख त्या काळीं मुंबई इलाख्याच्या उत्तर कानडा जिल्ह्यांत होता. १९५६ सालच्या प्रांतरचनेनंतर तो आजच्या कर्नाटकांत आला. कोंकणी, मराठी व कानडी ह्या तिन्ही भाषा तेथें एका अंगणांत नांदतात. त्यामुळें राणे आमचे कीं तुमचे हा वाद घालण्यांत आम्हांस स्वारस्य नाहीं. वडील राघोबा हे पोलिसांत शिपाई होते. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळें मुलाचें शिक्षण एका शाळेंत असें झालें नाहीं. पुढें १९३० सालचें आंदोलन सुरू झालें. त्याच जिल्ह्यांत अंकोल्यास मिठाचा सत्याग्रह झाला, आणि बारा वर्षांच्या रामाचें मन तिकडे ओढ घेऊं लागलें. सरकारचें मीठ खाणाऱ्या शिपायाच्या घरांत ही गोष्ट सोपी नव्हती. वडिलांनीं कुटुंब उचलून चेंडियास परत आणलें. ह्या पित्यास भित्रा म्हणण्याची घाई कोणी करूं नये. तुटपुंज्या पगारावर संसार ओढणाऱ्या माणसाची ती चिंता होती. आणि ज्या घरानें मुलास चळवळीपासून दूर नेलें, त्याच घरांतील मुलगा पुढें स्वतंत्र भारताच्या रणांत उभा राहिला.

१० जुलै १९४० रोजीं राणे मुंबईच्या सॅपर्स पलटणींत भरती झाले. हिचें ठाणें पुण्याजवळ खडकीस. तेथील शिक्षणांत उत्तम रंगरूट ठरल्याबद्दल त्यांस कमांडंटची छडी मिळाली, व लौकरच ते नाईक झाले. येथें हें ध्यानांत ठेवावें कीं, त्यांची स्थापत्यविद्या महाविद्यालयांतील नव्हे, ती खडकीच्या मैदानावरील. सॅपरास रस्ता बांधावा लागतो, पूल टाकावा लागतो, आणि वेळ आली तर स्वतः टाकलेला पूल स्वतःच उडवावा लागतो. एकाच हातास सृष्टि व संहार हीं दोन्हीं कर्में शिकविणारी दुसरी विद्या आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांच्या वांट्यास प्रथम संहार आला. ब्रह्मदेशांत अराकानच्या आघाडीवर ते २६ व्या डिव्हिजनच्या २८ व्या फील्ड कंपनींत होते. सैन्य मागें येत असतां बुथीदौंग येथें शत्रूच्या उपयोगास येईल असें सर्व कांहीं नष्ट करण्याकरितां ज्या थोड्या तुकड्या मागें ठेवण्यांत आल्या, त्यांत राणे होते. काम उरकल्यावर आरमारी जहाजें त्यांस उचलून नेतील अशी योजना होती, पण ती सिद्धीस गेली नाहीं. जपानी पहाऱ्यांतील नदी स्वतःच ओलांडून हे लोक आपल्या सैन्यास येऊन मिळाले. पुढें राणे हवालदार झाले, आणि १५ डिसेंबर १९४७ रोजीं त्यांस सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली. शिपायाचा मुलगा शिपाईगिरींतून अंमलदार झाला.

सनद हातीं पडून चार महिनेही झाले नव्हते तोंच रजौरीची मोहीम आली. रजौरी शहर नोव्हेंबर १९४७ मध्यें हल्लेखोरांच्या हातीं पडलें होतें, व तेथें फार मोठी कत्तल झाली होती. १८ मार्च १९४८ रोजीं झांगर परत घेतल्यावर भारतीय सैन्यानें नौशेऱ्याहून रजौरीकडे तोंड वळविलें. मार्ग जुनाच, मोगल पातशहा ज्या वाटेनें काश्मिरास जात ती. वाटेंतील चिंगस येथें जुनी सराय असून, १६२७ सालीं काश्मिराहून परततांना मरण पावलेल्या जहांगिराचीं आंतडीं तेथें पुरलीं अशी परंपरा आहे. फारसींत त्या नांवाचा अर्थही तोच सांगतात. पातशहाच्या पालख्यांस पुरणारी ही वाट रणगाड्यांस अपुरी होती, आणि शत्रूनें ती सुरुंग पेरून, चीड वृक्ष आडवे टाकून व मोऱ्या फोडून बंद केली होती.

राणे ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीचे. ८ एप्रिल रोजीं २६ व्या मैलाजवळील सुरुंग व अडथळे काढण्याचें काम त्यांजकडे आलें. सकाळीं अकराच्या सुमारास नादपूरच्या दक्षिणेस त्यांची तुकडी रणगाड्यांपाशीं थांबली असतां उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार झाले, आणि राणे धरून पांच जखमी. उरलेल्यांस एकत्र करून त्यांनीं काम तसेंच पुढें चालविलें. दुपारीं साडेचारास ४ डोगरा पलटणीनें बरवाली कडा घेतला. शत्रु पुरता हटलेला नसतांही राणे रात्रीं दहापर्यंत रणगाड्यांसाठीं वळसारस्ता खणीत राहिले. ९ तारखेस सकाळीं सहापासून पुन्हां काम सुरू; दुपारीं तीनास वळसा तयार झाला. मग सर्वांत पुढच्या गाडींत बसून ते निघाले. अर्ध्या मैलावर झाडें आडवीं, तीं उडविलीं. तीनशें यार्डांवर पुन्हां तोच प्रकार. पुढें मोरी फोडलेली, तेथें गोळ्यांच्या वर्षावांत नवा वळसा काढला. सव्वासहास उजेड सरत आला तेव्हां पांच मोठ्या वृक्षांचा, भोंवतीं सुरुंग पेरलेला अडथळा समोर आला. सैन्य तेथेंच थांबविण्यांत आलें. १० तारखेस पहांटे पावणेपांचास राणे त्याच झाडांपाशीं होते. साडेसहास अडथळा दूर झाला, आणि पुढील हजार यार्डांचा तुटलेला रस्ता साडेदहास मोकळा झाला. रणगाडे तवीच्या पात्रांत उतरून दुपारीं दोनास चिंगसला पोंचले.

आमच्या मतें सर्वांत मोठा प्रसंग येथून पुढचा. रणगाडे गेले होते, गर्जना पुढें सरकली होती. जखमी माणसानें आतां विसांवा घेतला असता तर कोणी बोल लाविला नसता. परंतु अन्न व दारूगोळा नेणाऱ्या गाड्या नदीच्या पात्रांतून जाऊं शकत नाहींत, आणि त्यांच्यावांचून पुढें गेलेलें सैन्य एकाकी पडतें, हें सॅपराच्या नजरेस दिसलें. त्या रात्रीं नवापर्यंत अन्नविश्रांतीवांचून राणे रस्ता साफ करीत होते. ११ तारखेस सकाळीं सहापासून अकरापर्यंत चिंगसचा रस्ता खुला झाला, व पुढील रस्त्याचें काम रात्रीं दहापर्यंत चाललें. १२ रोजीं सैन्य रजौरीस पोंचलें.

राणे चालत्या रणगाड्याखालीं सरपटत गेले व दोरीनें चालकास खुणा करीत राहिले, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. पुरस्काराच्या मानपत्रांत ती नाहीं. ते दिवसभर रणगाड्यांजवळ होते एवढेंच तेथें आहे. आम्ही मानपत्रास प्रमाण मानतों, आणि त्यानें राणे यांच्या योग्यतेस रेसभरही उणेपणा येत नाहीं. त्या मानपत्राची एक विशेषता मात्र नोंदविण्याजोगी आहे. वीरांच्या वर्णनांत किती शत्रु पाडले याचा हिशोब असतो. येथें हिशोब आहे तो तासांचा व यार्डांचा. राणे यांनीं कोणास मारल्याचा त्यांत उल्लेखही नाहीं.

२६ जानेवारी १९५० रोजीं परमवीरचक्राची स्थापना झाली. काश्मीरच्या युद्धांतील पांच जणांस तें मिळालें. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग व कंपनी हवालदार मेजर पिरू सिंग यांस मरणोत्तर, आणि करम सिंग व राणे यांस जीवंतपणीं. पांचांत चौघे पायदळाचे. फावडें हातीं असलेले एकटे राणे. चक्राची आकृति सावित्रीबाई खानोलकरांची. जन्मानें युरोपीय, विवाहानें मराठी अशा ह्या विदुषीनें त्यावर इंद्राचें वज्र कोरलें. दधीचीच्या अस्थींपासून झालेलें तें वज्र. सॅपरांच्या पलटणीस असा मान नवा नव्हता: १९४१ सालीं हबसाण देशांत ह्याच मुंबई सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंह भगत यांनीं चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रें शोधून काढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला होता.

सुमारें अठ्ठावीस वर्षांची सेवा करून राणे मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. सेवाकाळांत पांच वेळां त्यांचें नांव युद्धवृत्तांत गौरवानें आलें. पुढील संसार पुण्यास झाला. ज्या खडकीनें घडविलें तिच्या शेजारींच. ११ जुलै १९९४ रोजीं पुण्याच्या लष्करी इस्पितळांत त्यांचें निधन झालें. १९८४ सालीं सरकारी जहाज कंपनीच्या एका तेलवाहू जहाजास त्यांचें नांव दिलें गेलें होतें, आणि २०२३ च्या जानेवारींत अंदमानांतील एका बेटास तें दिलें गेलें. रस्ते करणाऱ्याचें नांव दोन्हीं वेळां समुद्रास मिळावें याची गंमत वाटते. कारवारच्या किनाऱ्यावर २००६ सालीं त्यांचा पुतळा उभारला गेला. चेंडिया तेथून जवळच आहे.