कुणबीण

‘वस्तूकरण’, म्हणजे माणसाला वस्तू मानणं, हा शब्द मराठीत अलीकडचा, व्यवहार मात्र जुना. पेशवाईच्या कागदांत ‘कुणबीण’ भेटते. सरळ अर्थ कुणब्याची बायको. पण दप्तरात ती बहुधा दासी असते. विकत घेतलेली, बक्षीस दिलेली, कोठीत नाहीतर पागेत राबणारी. नाव लिहिलंच तर वय आणि किंमत त्याच ओळीत. एका अख्ख्या शेतकरी समाजाचं नाव विकाऊ बाईला का चिकटावं? मला वाटतं, तिची खरी जात आणि माहेर पुसायला असं ढोबळ नाव सोयीचं पडत असावं. ‘गुलाम’चंही तसंच: अरबीत त्याचा मूळ अर्थ नुसता मुलगा.

१८४३च्या पाचव्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात माणसावरचा असा मालकी हक्क कोर्टात चालेनासा झाला. पुढे १९९५मध्ये मार्था नुसबॉम या तत्त्वज्ञ बाईंनी वस्तूकरणाच्या सात खुणा मांडल्या. मालकी ही त्यांतली एकच. एकाच्या जागी दुसरा सहज चालणं, हीही एक. ‘ही कामवाली नको, दुसरी पाठवा’ असं एजन्सीला फोनवर सांगताना आपण काही विकत घेतलेलं नसतं.

वेदान्तात मात्र ‘वस्तू’ म्हणजे साक्षात परब्रह्म!