लेगिंग कुणी घालायची? आजीच्या लुगड्यापासून सुरू होणारी गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडं कमी केलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये लेगिंग कुठून आली? ती आली आमच्या आईमुळं.

आई बीडला असते. वय अठ्ठावन्न, अंगानं भरलेली, शुगर आहे, गुडघे दुखतात. डॉक्टरांनी सांगितलं, रोज पाऊण तास चाला. साडीत चालताना निऱ्या पायात यायच्या, म्हणून तिनं बाजारातून दोन लेगिंग आणि लांब कुर्ते आणले. दुकानात मालकानं आतल्या पोराला ओरडून सांगितलं, "काकूंना डबल एक्सेल काढ रे!" ते आख्ख्या दुकानानं ऐकलं. तरी आईनं घेतल्या. तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी कॉलनीतल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "काय बाई, ह्या अंगाला लेगीन? लेकरं हसायलीत की." आई घरी आली, लेगिंग घडी करून कपाटात ठेवली आणि चालणंच बंद केलं. पुढच्या वेळी तीन महिन्यांची शुगर तपासली, तर ती नऊच्या वर गेली होती.

आता माझा भाग सांगते, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांवर ढकलल्यासारखं होईल. पहिल्याच दिवशी आईनं व्हिडिओ कॉलवर नवा ड्रेस दाखवला, तेव्हा मी म्हणाले होते, "आई, कुर्ता अजून थोडा लांब घ्यायचा होतास." हसत म्हणाले, पण म्हणाले.

त्यानंतर माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत राहिला. आपण म्हणतो, 'पाय दिसतात, आपल्यात असं नाही.' पण आपल्यात म्हणजे कधीपासून?

माझी आजी बीड तालुक्यातल्या खेड्यात राहिली. आयुष्यभर नऊवारी लुगडं, वर झंपर. काष्टा मारलेल्या लुगड्यात दोन पाय वेगवेगळे दिसतात, मागून सगळा आकार दिसतो, कामाला लुगडं वर खोचलं की पोटऱ्या उघड्या. आजी अशीच विहिरीवर जायची, अशीच बाजाराला जायची, अशीच देवळात जायची. तिला कुणी 'पाय दिसतात' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. शिवण सोडली, तर आजीच्या काष्ट्यात आणि आईच्या लेगिंगमध्ये फरक तरी किती?

नऊवारीतल्या पोटऱ्यांचा प्रश्न इतिहासात एका वेगळ्याच ठिकाणी आला. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात. तिथली थंडी, आणि नऊवारीत पोटऱ्या उघड्या. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. अंग नीट झाकलं जातं आणि आत उबदार कपडे घालता येतात, हा त्यातला सोयीचा भाग. १८८६ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. इथं बघा, साडी नेसायची पद्धत बदलली ती हवामानामुळं आणि नव्या लोकांच्या नजरेमुळं. तरी एका बाईनं साडी कशी नेसावी, याची चर्चा तिच्या अभ्यासाइतकीच झाली!

पुढं विसाव्या शतकात शहरातल्या शिकलेल्या बायका पाचवारी गोल साडी नेसायला लागल्या, तेव्हा जुन्या घरांतून कुरकुर झाली. ज्या पाचवारीला तेव्हा 'फॅशन' म्हणून नाकं मुरडली गेली, तीच आज आपण 'संस्कृती' म्हणून लेगिंगच्या विरोधात उभी करतो. मधल्या काळात पंजाबी ड्रेसला नावं ठेवून झाली, गाऊनला ठेवून झाली. आज गाऊनवर ओढणी घेऊन दूध आणायला जाणाऱ्या काकूंकडं कुणी वळूनही बघत नाही.

पण हे सगळं फक्त नव्या-जुन्याचं भांडण असतं, तर मी हा भाग केला नसता. नीट बघितलं, तर 'काय घालावं' याच्याआड दुसराच प्रश्न लपलेला असतो, 'कुणी घालावं'. आणि हा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात स्पष्ट दिसतो तो महाडला.

डिसेंबर १९२७. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची दुसरी परिषद. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. त्याच परिषदेच्या शेवटी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले, हे मात्र बऱ्याचदा राहून जातं. ते कपड्यांवर बोलले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बायकांनी लुगडं आखूड, वर खोचून नेसायचं, अंगावर जड, हलक्या धातूचे दागिने घालायचे, अशी रीत पडली होती. लांबून बघितलं तरी जात कळावी, हे त्या रीतीचं काम होतं. बाबासाहेबांनी सांगितलं की ही ओळख टाकून द्या, इतर बायका नेसतात तसं पायापर्यंत नेसा, ते दागिने सोडा, स्वच्छ राहा. आणि बायकांनी ते लगेच केलं. परिषदेला आलेल्या कितीतरी जणी तिथल्या तिथं लुगडं नेसायची पद्धत बदलून उभ्या राहिल्या.

थोडा वेळ यावर थांबू या. एका वर्गाच्या बायकांनी पोटरी झाकली, तर ती 'पायरी सोडणं' होती. दुसऱ्या वर्गाच्या बाईनं ती उघडी टाकली, तर ती 'लाज सोडणं' होती. पोटरी तीच, कापड तेच. नियम पोटरीचा नव्हताच कधी, ती कुणाची आहे याचा होता.

आता परत बीडला येऊ. दसरा-दिवाळी झाली, की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि खाली कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतली, की पुढचे पाच-सहा महिने फडात. तिथल्या बायकांचा पोशाख आठवा. साडी, आणि तिच्यावर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट. उसाचं पातं ब्लेडसारखं कापतं, म्हणून शर्ट. पहाटे अंधारात मोळ्या वाहताना साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. हा पोशाख शोभतो का, हे त्यांना कुणी विचारत नाही. बाईच्या अंगातून काम काढायचं असतं, तेव्हा तिच्या कपड्यांवर मत नसतं. तीच बाई स्वतःच्या तब्येतीसाठी डांबरी रस्त्यावरून चालायला लागली, की मतं उगवतात.

बरं, हे झालं जातीचं आणि कामाचं. आईला जे ऐकावं लागलं, ते मात्र 'ह्या अंगाला' होतं. म्हणजे बारीक पोरीनं घातली तर चालते, जाड बाईनं घातली तर नाही. हा जाडीचा नियम कुठून आला?

आपला जिल्हा दुष्काळाचा. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर होती. लेकरांना सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्या पिढीला अंगानं भरलेली बाई बघून बरं वाटायचं. 'खात्यापित्या घरची दिसते' ही कौतुकाची गोष्ट होती. सोयरीक बघायला गेलेली म्हातारी परत आल्यावर 'पोरगी अगदीच काडी आहे' म्हणून नाराज व्हायची. आजीच्या तरुणपणी ज्या अंगाला दृष्ट लागू नये म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जायच्या, ते अंग आईच्या उतारवयात हसण्याचा विषय झालं. मध्ये पन्नास वर्षंच गेली.

या पन्नास वर्षांत खूप काही बदललं. जेवण बदललं, टीव्ही आला, लग्नाच्या बायोडेटावर उंची आणि वजन आलं. पण मला एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. लुगड्याला माप नसतं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, ते बारीक बाईला जास्त निऱ्यांचं होतं आणि जाड बाईला कमी निऱ्यांचं. कापड अंगाप्रमाणं वळतं, अंगाला कापडाप्रमाणं वळावं लागत नाही. मग ब्लाऊज शिवायला लागलो, तरी टेलरकडं आपण काय न्यायचो? मापाचा ब्लाऊज. छाती किती, कंबर किती, हा आकडा मोठ्यानं बोलायची वेळच यायची नाही. फार तर 'मावशी, दंडात जरा ढिला करू का?' एवढंच. जुना चुडीदारसुद्धा टेलर उरेब कापायचा, म्हणजे कापड तिरकं धरून. तिरक्या कापडाला थोडा ताण असतो, त्यामुळं तो पायाला बसायचा आणि घोट्याशी चुण्या पडायच्या.

रेडिमेड आलं आणि आकडा बाहेर आला. आणि हे आकडे मुळात कुणाच्या अंगावरून काढले? अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारनं सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली. पोस्टानं कपडे विकणाऱ्या कंपन्यांना साईज ठरवायची होती, आणि हिशोबात मापं धरली फक्त गोऱ्या बायकांची. आपल्याकडं स्वतःचा साईज चार्टच नव्हता, बाजार बाहेरच्या मापांवर थोडंफार इकडं-तिकडं करून चालत आला. २०१८ मध्ये 'इंडिया साईज' नावाचा राष्ट्रीय प्रकल्प मंजूर झाला. निफ्ट या संस्थेनं सहा शहरांतल्या २५ हजार माणसांची मापं घ्यायची, अशी ती योजना. सहा शहरांत मुंबई आहे, हैदराबाद आहे. मराठवाड्यातलं एकही नाही. तेव्हा दुकानात 'डबल एक्सेल' ऐकून आई खजील झाली, ती ज्या मापाला, ते माप घेताना तिच्यासारखी बाई समोर नव्हतीच.

यातली गंमत अशी, की लेगिंग हा खरं तर रेडिमेड कपड्यांतला सगळ्यात लुगड्यासारखा कपडा आहे. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानं ताणला जाणारा धागा बनवला, तो पुढं लायक्रा नावानं जगभर गेला. सुती कापडात हा धागा थोडासा मिसळला, की कापड अंगाप्रमाणं वळतं आणि परत जागेवर येतं. गुडघा दुमडताना ओढ बसत नाही. म्हणजे ज्या बाईला वाकायला-बसायला त्रास होतो, तिच्यासाठीच ती जास्त सोयीची. आणि आपण म्हणतो, तिनंच घालू नये.

हे फक्त आपल्या कॉलनीत होतं असंही नाही. २०१५ मध्ये तमिळनाडूत 'कुमुदम रिपोर्टर' या मासिकानं लेगिंग घातलेल्या बायकांचे, वाऱ्यानं कुर्ता उडालेले फोटो मुखपृष्ठावर छापले आणि या मर्यादा सोडतात का, असं विचारलं. फोटो काढणाऱ्याच्या मर्यादेचं काय, असं उलट विचारत लोक चिडले. २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं लेगिंगवरून मुख्याध्यापिकेनं बोल लावल्याची तक्रार केली. आपल्या राज्यात मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाचं परिपत्रक निघालं. बाईंनी साडी किंवा ओढणीसह सलवार-चुडीदार. जीन्स आणि टी-शर्ट नको. वर्गात काय शिकवलं जातं, त्याआधी फळ्यासमोर कोण कसं उभं आहे, ही काळजी.

कुणी म्हणेल, कपड्याला जागा-प्रसंग असतोच की. असतो. मीही लग्नाला ट्रॅक पँट घालून जाणार नाही. पण जागेचा नियम सगळ्यांना सारखा लागू पडतो. 'हिला शोभतं, तुला शोभत नाही' हा जागेचा नियम नसतो. महाडला जी चाल ओळखली गेली, तिचाच हा छोटा, घरगुती अवतार आहे. दोन्हींची तीव्रता एक आहे असं मी म्हणत नाही, एका ठिकाणी माणसाचं माणूसपण नाकारलं जात होतं. पण बाईच्या कपड्यावरून तिला तिची जागा दाखवायची, ही सवय तीच.

शेवटी आईचं सांगते. मध्यंतरी मी घरी गेले, तेव्हा तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू कधी काय म्हणालीस, मला तर आठवतबी नाही." आठवत असणार. पहाटे पाचला मला जाग आली, तर आई दारात बूट घालत होती. खाली लेगिंग, वर बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. मी विचारलं, "कुठं निघायलीस?" ती म्हणाली, "आंधारात कोण बघायलंय?"

मी पण गेले सोबत. पाऊण तास चाललो. उजाडायला लागलं, तशी तिची पावलं घराकडं भरभर पडायला लागली. तिची शुगर आता उतरलीय, याचा मला आनंद आहे. पण तिला उजेडात चालता यावं, असं मला वाटतं, आणि ते डॉक्टरांच्या हातात नाही.

तुमच्या घरी आजी असेल तर तिला विचारा, तरुणपणी तिच्या कोणत्या कपड्याला नावं ठेवली गेली होती. उत्तरं मला पाठवा, त्यावर एक भाग करू. पुढच्या वेळी भेटूच.