भुलीच्या औषधांची निवड आणि शस्त्रक्रियेनंतरची वाढीव वेदना

शस्त्रक्रियेदरम्यान वेदना दडपण्यासाठी दिलेले औषधच पुढे रुग्णाची वेदना तीव्र करू शकते. अफूवर्गीय औषधांमुळे उद्भवणाऱ्या या अवस्थेला अतिवेदनशीलता असे म्हणतात. जखमेभोवती होणारा एरवी किरकोळ वाटणारा स्पर्शही अशा रुग्णाला असह्य होतो.

मॉर्फिनच्या इंजेक्शनांमुळे वेदना वाढत तर नाही ना, अशी शंका ब्रिटिश वैद्य क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७० मध्येच व्यक्त केली होती. रेमिफेंटानिल या औषधाच्या वापरानंतर तिला नव्याने महत्त्व आले. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध रक्तातील आणि ऊतींतील विकरांमुळे काही मिनिटांतच निष्प्रभ होते. भूलतज्ज्ञांच्या दृष्टीने ही मोठीच सोय; मात्र औषध थांबताच वेदनाशमनही संपते आणि मागे उरते ती चेतवलेली मज्जासंस्था.

पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांचा अभ्यास फ्रान्समधील भूलतज्ज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. रेमिफेंटानिलची अधिक मात्रा मिळालेल्या रुग्णांना पहिल्या २४ तासांत जवळजवळ दुप्पट मॉर्फिन लागले. शरीराला औषधाची सवय झाल्याचा हा परिणाम असावा, असा तेव्हा निष्कर्ष निघाला. फ्रान्समध्येच झालेल्या २००५ च्या अभ्यासात मात्र बारीक तंतूंनी जखमेभोवतीची त्वचा तपासण्यात आली. अधिक मात्रा घेतलेल्यांमध्ये दुखरा भाग विस्तारलेला आढळला. सोबत अल्प मात्रेत केटामाइन दिलेल्यांमध्ये तो तसा विस्तारला नाही.

मज्जारज्जूतील एनएमडीए हे ग्राही या प्रक्रियेत महत्त्वाची भूमिका बजावतात आणि केटामाइन त्यांनाच रोखते. या औषधाने काही रुग्णांना भास होतात, त्यामुळे ते सरसकट दिले जात नाही. रेमिफेंटानिलची मात्रा मर्यादित ठेवणे, नसांभोवती बधिरता आणणारे औषध देणे आणि पॅरासिटामॉलची जोड देणे हे अन्य पर्याय होत.

सवय आणि अतिवेदनशीलता यांतील फरक रुग्णकक्षात ओळखणे सोपे नसते. सवय झाली असल्यास मात्रा वाढवून आराम पडतो. अतिवेदनशीलतेत वेदना वाढू शकते, शिवाय श्वसन मंदावण्याचा धोका असतो. अर्थात रक्तस्राव वा जंतुसंसर्ग नसल्याची खात्री आधी करून घ्यावी लागते. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांनी ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांना देणे आवश्यक असते, कारण भुलीचा आराखडा त्याच वेळी ठरतो.